आयएलसीए 6 चं रेप्लिका शीड: कापड चांगलं, खिडकी टाकाऊ

आयएलसीए म्हणजे एकट्याने चालवायची शर्यतीची छोटी शिडाची बोट, आणि 4, 6 हे तिच्या शिडाचे चढते आकार. माझं 6 चं शीड अस्सलची नक्कल, म्हणजे रेप्लिका आहे. एक अख्खा हंगाम आणि त्यानंतरचा पावसाळा या शिडाने पाहिलाय, त्यामुळे आता ठामपणे बोलता येतं. घेताना हिशेब सरळ होता. अस्सल, म्हणजे या बोटींच्या संघटनेने (क्लास असोसिएशनने) मान्य केलेलं शीड शर्यतीसाठी जपायचं आणि सरावाला हे वापरायचं. शिडाचं डेक्रॉन कापड मरतं ते उन्हाने आणि फडफडण्याने, आणि सरावात दोन्ही भरपूर होतं. किंमत अस्सलच्या निम्म्याहून कमी पडली. क्लास असोसिएशनच्या स्पर्धेत हे चालत नाही, पण नवी मुंबईत खाडीवरच्या आमच्या लहानशा क्लबात रविवारच्या शर्यतीला कुणी हरकत घेत नाही. शिवाय घरात शीड वापरणारे दोघं. हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत 2023 मध्ये नेहा ठाकूरने रौप्य मिळवलं ते आयएलसीए 4 मध्ये, आणि मुलीने त्याच शिडापासून सुरुवात केली. आता उंची वाढली, वजन वाढलं, म्हणून 6. बोट तीच ठेवून डोलकाठीचा खालचा तुकडा आणि शीड बदललं की काम भागतं. मध्यमवर्गीय घराला या खेळात टिकायचं तर हीच मोठी सोय आहे.

कापडाबद्दल तक्रार नाही. नवं असताना कडक होतं, बॅटनचे (शिडाला ताठ ठेवणाऱ्या पट्ट्यांचे) खिसे नीट शिवलेले, स्लीव्ह डोलकाठीवर सरळ चढते. हलक्या वाऱ्यात, म्हणजे सकाळी मतलई वारा पाम बीच रोडच्या टॉवरांमधून तुटक-तुटक येतो तेव्हा, अस्सल शिडाच्या शेजारी बोट ठेवली तरी मला फरक दिसला नाही. दुपारी पश्चिमेचा खारा वारा भरला की दिसतो. कनिंगहॅम, म्हणजे शिडाची पुढची कड खाली ताणणारी दोरी, कितीही ओढा, शिडाच्या पुढच्या खालच्या कोपऱ्यापासून वर एक तिरकी सुरकुती राहतेच, आणि वाऱ्याच्या दिशेने वर चढताना अस्सलवाला हळूहळू वर सरकतो. सरावाला एवढं चालतं.

चालत नाही ती खिडकी.

ज्यांनी ही बोट चालवलीय त्यांना सांगायला नको, पण विकणाऱ्यांना सांगायला हवं. व्हँगची दोरी आवळली की बूम, म्हणजे शिडाखालची आडवी काठी, खाली येतो आणि पोर्ट टॅकवर, म्हणजे वारा डावीकडून घेत चालताना, उजवीकडचं अर्धं जग शिडाआड जातं. नेमकं तिथूनच स्टारबोर्डवाले, म्हणजे वारा उजवीकडून घेणारे, येतात, आणि वाट त्यांना द्यायची असते. चुकलात तर दोन टॅक (नाक वाऱ्यातून वळवणं) आणि दोन जाइब (पाठ वाऱ्यातून वळवणं) घेऊन दोन पूर्ण गिरक्या, म्हणजे शर्यत गेली. ते सगळं बघायचं शिडातल्या त्या वीतभर पारदर्शक तुकड्यातून, म्हणजे खिडकीतून. आमच्याकडे तर नुसत्या शर्यतीच्या बोटी नसतात. दिवाळे, सारसोळेच्या कोळ्यांच्या होड्या असतात, जाळ्यांचे खुंट असतात, ओहोटीला चिखलाची पाठ वर येते. मुलगी माझ्यापेक्षा ठेंगणी, ती बोट तोलायला हायकिंग करत बाहेर झुकली की तिची नजर बरोबर खिडकीच्या उंचीला येते.

ही खिडकी उन्हाळा लागेपर्यंत धुरकट झाली. एप्रिलमधल्या एका दुपारी मी सेफ्टी बोटीवर होतो आणि मुलगी पोर्टवर ट्रॉम्बेच्या टेकडीच्या रोखाने वर चढत होती. ऊन समोरून, डावीकडून. पुढे उजव्या हाताला एक म्हातारा कोळी होडीत उभा राहून जाळं ओढत होता. आम्ही ओरडलो, तोही ओरडला, तेव्हा कुठे तिने बोट वळवली. अंतर एका बोटीच्या लांबीइतकंही नव्हतं. काठावर आल्यावर मी तिच्या जागी बसून बघितलं. सूर्य त्या अंगाला असला की खिडकी सरळ पांढरी होते, पलीकडचं काही म्हणजे काही दिसत नाही. त्या दिवसापासून या शिडाबद्दलचं माझं मत खिडकीवरच अडकलंय आणि त्याबद्दल मला अजिबात वाईट वाटत नाही.

निगा राखली नाही असं कुणी म्हणू नये. दर खेपेला शीड गोड्या पाण्याने धुतलं जातं. सोसायटीच्या पार्किंगमध्ये बादलीने, सेक्रेटरीसाहेबांची परवानगी घेऊन. खिडकी फडक्याने पुसत नाही, कारण मिठाचे कण प्लास्टिकवर ओरखडे पाडतात. घडी न घालता गुंडाळून ठेवतो. एवढं करूनही मे महिन्यात, बोटी चार महिन्यांसाठी वर ओढायच्या जेमतेम आधी, खिडकी खालच्या शिलाईवरून फाटली.

विकणाऱ्याला फोन केला, फोटो पाठवले. आधी उत्तर आलं की खिडकी झिजणाऱ्या भागांत मोडते, वॉरंटीत येत नाही. मग विचारलं, खाऱ्या पाण्यात वापरलं होतं का? समुद्रात शर्यती खेळायच्या बोटीचं शीड विकणारा माणूस हे विचारतो! नुसती खिडकी बदलून द्या, पैसे देतो, असंही म्हटलं. तर म्हणे तशी सेवा नाही, नवीन शीड घ्या. कापड ठणठणीत असलेलं शीड वीतभर प्लास्टिकसाठी फेकायचं, हे माझ्या पिढीला जमणार नाही.

इथपर्यंतचा मजकूर मी जूनमध्येच लिहून ठेवला होता आणि शेवटी 'घेऊ नका' असं लिहिलं होतं. ते वाक्य आता काढलंय. कारण पावसाळ्यात तुर्भ्याला रिक्षाचे हूड शिवणाऱ्या एका कारागिरापर्यंत पोचलो. रिक्षाच्या हुडाला मागे पारदर्शक खिडकी असतेच, ती लावण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं. त्यांनी शीड उजेडासमोर धरलं आणि फाटलेल्या कडेवरून नख फिरवून म्हणाले, "टाके बघा किती जवळ घातलेत. प्लास्टिकला एवढी भोकं पाडली तर ते पोस्टाच्या तिकिटासारखं फाटणारच. आणि माल कडक आहे, वाकला की तडकतो."

मी इतके महिने उन्हाला आणि मिठाला दोष देत होतो. धुरकटपणा त्यांचा असेलही, फाटणं मात्र शिलाईचं होतं. काकांनी नवं, मऊ प्लास्टिक आधी दुतर्फी टेपने जुन्या खिडकीवरच चिकटवलं, लांब टाक्यांच्या दोन रांगा मारल्या आणि मग मागून जुना तुकडा कापून काढला. आधी कापलं असतं तर कापड ताणून आकार बिघडला असता, हेही त्यांनीच सांगितलं. माझ्या सांगण्यावरून खिडकी थोडी मोठी केली. मजुरी मालासकट एवढी कमी सांगितली की मीच थोडे जास्त दिले.

ऑक्टोबरपासून त्याच खिडकीवर चाललोय. काच स्वच्छ आहे, टाके घट्ट आहेत, आणि मुलगी सुरुवातीच्या रेषेवर आता पोर्टवरून येतानाही मान वाकवत नाही. कापड मात्र थोडं मऊ पडलंय. लीच, म्हणजे शिडाची मागची कड, जोराच्या वाऱ्यात फडफडते, तिच्यातली दोरी आवळून ती थांबवावी लागते. अजून एक हंगाम निघेल असं वाटतं.

घेणार असाल तर शीड जमिनीवर पसरून आधी खिडकीचे टाके बघा. जवळजवळ असतील तर हूडवाल्याचा खर्च किमतीत धरूनच घासाघीस करा. आणि लहान मुलं वापरणार असतील तर खिडकी पहिल्याच दिवशी बदलून घ्या, फाटायची वाट बघू नका. तुर्भ्याच्या काकांकडे सकाळी लवकर जा, दहानंतर रिक्षांची रांग लागते.