जुनी पोंटून बोट घेतली, सात महिने कर्लीच्या खाडीत वापरली

नोव्हेंबरात घेतली, आता मे संपत आला. पावसाआधी वर ओढायची म्हणून परवा धुवायला काढली तेव्हा म्हटलं लिहूनच टाकू. आमचं घर मालवणच्या देवबागजवळ, आईचे गुडघे गेलेले, साध्या होडीत पाय उचलून चढणं तिला जमत नाही, म्हणून लांब पोकळ नळ्यांवर तरंगणारी, सपाट डेकवाली पोंटूनच हवी होती आणि नवी परवडणारी नव्हती.

दोन बघितल्या. पहिली अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्यांची, 20 फुटी, 40 एचपी फोर-स्ट्रोक, सोफ्यासारख्या सीटा. बायकोला बघताक्षणी आवडली (मलाही, खोटं कशाला बोलू). दुसरी फायबरची, 18 फुटी, 25 एचपी, सीटा फाटलेल्या, रंग विटलेला, पण दीड लाखाने स्वस्त. सोबत शेजारच्या तांडेलकाकांना नेलेलं. त्यांनी सोफ्याकडे बघितलंसुद्धा नाही, उकिडवे बसून नळ्या बोटाने वाजवत गेले, आपण फणस वाजवतो तशा. पुढे टणटण, मागच्या कप्प्याला आवाज एकदम बद्द. "ह्याच्यात पाणी आसा रे." विकणारा म्हणे दमट हवेने साठतं थोडं. खालचा रंग नखाने खरवडला तर पांढरी भुकटी आणि टाचणीच्या डोक्याएवढे खड्डे. शेवाळ-शिंपले धरू नयेत म्हणून मारतात तो तांब्याचा रंग होता. फायबरला तो चालतो, पण अ‍ॅल्युमिनियमला खाऱ्या पाण्यात तांबं लागलं की बॅटरीसारखा प्रकार होऊन अ‍ॅल्युमिनियमच झिजत जातं. शिवाय बोटीऐवजी झिजायला म्हणून जे अ‍ॅनोड (धातूचे तुकडे) लावतात त्यांच्या जागी नुसते बोल्ट! मग फायबरचीच घेतली, इंजिन नंबर कागदाशी जुळवून.

आई आता साडी सावरत एकटी चढते, माझ्यासाठी पैसे तिथेच वसूल. पोरं इकडून तिकडे पळाली तरी बोट डुलत नाही, फक्त सगळी पुढे जमली की नाक खाली जातं, तेव्हा ओरडावं लागतं. जॅकेट सगळ्यांना, आई कुरकुरते तरी.

आता तक्रारी. आठ माणसं घेऊन ओहोटीच्या विरुद्ध 25 एचपी अक्षरशः रडतं. दुपारी खारा वारा सुटला की एवढं उभं अंग शिडासारखं वारा धरतं, जेटीला लावताना घाम फुटतो, त्यामुळे आम्ही सकाळीच जातो आणि संगमाच्या पुढे समुद्रात काढतच नाही, ही बोट त्या लाटांसाठी नाहीच.

जानेवारीत पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी फजिती झाली. उधाणाची ओहोटी, पाणी भराभर उतरत होतं आणि मी आपला खाडीत आतवर नेरूरपारला गप्पा मारत बसलो, साडेचारला बोट वाळूवर रुतली ती साडेसातला सुटली, अंधारात. डबा संपलेला, बायको बोलत नव्हती. तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात ते अंदाजाला ठीक, पण तक्ता बघूनच निघा, त्यात खाडीत आतवर भरती उशिरा पोचते. त्या दिवशी इंजिनाने वाळू ओढली, मागची पाण्याची पिचकारी बारीक झाली, इम्पेलर (इंजिन थंड ठेवायला पाणी ओढणारा पंखा) बदलावा लागला. दर फेरीनंतर गोड्या पाण्याने इंजिन धुवायचं, कंटाळा केला की खर्च आलाच.

सीटा बायकोने रेक्झिन आणून शिवून घेतल्या, आता बऱ्या दिसतात. ती पहिली बोट गेल्या आठवड्यात पुन्हा दिसली, नवा चकचकीत रंग मारून विकायला उभी आहे. कोणी बघायला जाणार असाल तर डावीकडच्या नळीचा मागचा कप्पा वाजवा.