‘ताई, ते लॉज बंद पडलंय’

साताऱ्यात माझं ब्लाउज शिवायचं दुकान आहे. अस्तर, लेस, कॉटन असा बराचसा माल मी मुंबईच्या मंगळदास मार्केटातून आणते. पूर्वी आम्ही दोघं मिळून जायचो. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं आणि घरातला हिशोबच बदलला. ह्यांचं पूर्ण तिकीट वाचतं, माझं निम्म्यात होतं, मग मीच एकटी जायला लागले. सांगायचा मुद्दा एवढाच की मुंबई मला नवीन नव्हती. नवख्या बाईलाच फसवतात, ही समजूत आधी डोक्यातून काढा.

दिवाळीआधीची गर्दी होती. गाडी मुंबई सेंट्रलच्या आगारात शिरली तेव्हा चांगलीच रात्र झालेली. क्रॉफर्ड मार्केटच्या बाजूला एका लॉजवर फोन करून खोली सांगून ठेवली होती. तिथं जायला टॅक्सीच लागते, कारण वांद्रे आणि सायनच्या पुढे दक्षिणेकडं रिक्षा येतच नाहीत. टॅक्सी बघत फाटकाबाहेर उभी होते, तर चाळिशीतला एक माणूस जवळ आला. पांढरा शर्ट, गळ्यात ओळखपत्राची पट्टी. पट्टीला ओळखपत्र होतं का, ते मात्र आठवत नाही.

‘ताई, कुठनं आलात?’

‘साताऱ्याहून.’

‘मग आपल्याच की! आमचं मूळ गाव कोरेगावकडं.’

परक्या शहरात आपल्याकडची बोली कानावर पडली की माणूस सैल होतो, ते त्याला पक्कं ठाऊक होतं. उतरायचं कुठं, असं त्यानं विचारलं. मी लॉजचं नाव सांगितलं आणि त्यानं चक्क हळहळ केली. ‘अहो ताई, ते लॉज बंद पडलंय. फायरचं काहीतरी नव्हतं, महापालिकेनं सील ठोकलं. थांबा, मॅनेजर ओळखीचा आहे, तुम्हीच बोला.’ त्यानं स्वतःच्या मोबाईलवरून नंबर लावला आणि फोन माझ्या हातात दिला. पलीकडचा आवाज म्हणाला, ‘हां मॅडम, नाव काय म्हणालात? हो हो, तुमचं बुकिंग दिसतंय. आमच्या दुसऱ्या शाखेत सोय केलीय. आपला माणूस सोडेल तुम्हाला.’

यात त्यांनी मला नवीन काय सांगितलं? गाव मी सांगितलं, लॉज मी सांगितलं, नावही मीच सांगितलं. तेच सगळं मला परत ऐकवलं, आणि ते ऐकून मला वाटलं की यांच्याकडे माझी नोंद आहे. खऱ्या लॉजवाल्याचा फोन असता तर तो माझ्या मोबाईलवर आला असता. नंबर त्यांच्याकडे होताच.

टॅक्सीत तो पुढं बसला. मीटर पडलेला नव्हता. ड्रायव्हर त्याच्यातलाच होता की नाही, सांगता येत नाही. दोघं वाटेत एक शब्द बोलले नाहीत. एका गल्लीतल्या जिन्यावरून वर नेलं. काउंटरवरच्या पोरानं आधारकार्ड मागितलं, ओरिजिनलच ड्रॉवरमध्ये टाकलं आणि सांगितलं, ‘सकाळी मिळेल.’ मग दोन रात्रींचं भाडं आगाऊ हवं म्हणाला. फोनवर ठरलेल्या दराच्या जवळजवळ तिप्पट. ‘शाखेचा रेट वेगळा असतो.’ हातात पिशव्या, आधार त्याच्या ड्रॉवरमध्ये, बाहेर अनोळखी गल्ली. यूपीआयनं ५,६०० रुपये भरले.

खोलीच्या दाराची आतली कडी निखळलेली होती. खुर्ची लावून बसले. थोड्या वेळानं कुणीतरी दार वाजवलं, पाणी आणलंय म्हणे. मी मागवलंच नव्हतं. तेव्हा मात्र पैसे गेले तर गेले म्हणत बॅग उचलली आणि खाली आले. आधार मागितलं. पोरगं म्हणालं, मालक आल्यावर. मी त्याच्यासमोर ११२ लावला, स्पीकरवर. पलीकडून ‘ठिकाण सांगा’ ऐकू आलं मात्र, आधार काउंटरवर. पैशांचं नाव नाही. पोलीस आले तोवर तो कोरेगाववाला कधीच पसार झालेला.

जिन्यातूनच मी माझ्या फोनवरून मूळ लॉजला फोन केला. तिथले काका म्हणाले, ‘आम्ही कशाला बंद करू? तुमची खोली उघडून ठेवलीय.’ सील-बील काही नव्हतं.

फेब्रुवारी २०२५ मध्ये पुण्याच्या स्वारगेट स्थानकात पहाटे फलटणच्या गाडीची वाट बघणाऱ्या मुलीला एकानं ताई म्हणत, गाडी दुसरीकडे लागलीय असं सांगून उभ्या रिकाम्या शिवशाहीत नेलं होतं. पुढं काय झालं ते सगळ्या महाराष्ट्रानं वाचलं. माझे नुसते पैसे गेले. त्या प्रसंगाशी याची बरोबरी नाही. पण जाळं तेच आहे. तुमचं जे ठरलंय ते बदललंय, अशी बातमी एक भला माणूस न विचारता आणतो, आणि नवी सोयही त्याच्याच खिशात असते. ‘लोकल बंद आहेत’, ‘मार्केट आज उघडणार नाही’, ‘तो रस्ता बंद केलाय’, हे त्याचेच भाऊबंद. गाडी हलली की नाही ते एसटीच्या चौकशी खिडकीवर कळतं, लॉजचं लॉजवाल्याकडून कळतं. त्यासाठी त्याच्या फोनची गरज पडत नाही.

टॅक्सीचंही सांगते. फेब्रुवारी २०२५ पासून काळी-पिवळीचं कमीत कमी भाडं ३१ रुपये आहे, आणि मध्यरात्रीपासून पहाटे पाचपर्यंत पाव पट जादा. मीटर टाकणार नसेल तर बसायचंच नाही. बरोबर दुसरा माणूस बसणार असेल तर मुळीच नाही. लॉजवर ओळखपत्र दाखवावं लागतं, त्याची प्रत देता येते. ओरिजिनल ठेवून घ्यायचा त्यांना काही अधिकार नाही. आधारच्या वेबसाइटवरून मास्क केलेलं कार्ड निघतं, त्यावर शेवटचे चारच आकडे दिसतात. मी आता त्याच्याच प्रिंट पर्समध्ये ठेवते.

पोलिसांनीच मला त्या रात्री १९३० वर फोन करायला लावला. तो नंबर ऑनलाइन पैशांच्या फसवणुकीसाठी आहे. यूपीआयच्या व्यवहाराचा बारा आकडी क्रमांक तयार ठेवा, तो पहिल्यांदा विचारतात. जितकं लवकर कळवाल तितकी समोरच्या खात्यात रक्कम अडकवता येण्याची शक्यता जास्त. पैसे तिथून पुढे सरकले की मग अवघड. माझ्यातली काही रक्कम अडकलीय म्हणतात, हातात अजून काही आलेलं नाही. तक्रार परगावी द्यायची राहून गेली तरी साताऱ्यात देता येते. हद्द कुठलीही असो, कुठल्याही ठाण्यात गुन्हा नोंदवून तो योग्य ठाण्याकडे पाठवायची तरतूद नव्या फौजदारी कायद्यात, म्हणजे १ जुलै २०२४ पासून, लेखीच आहे. ‘मुंबईला जाऊन द्या’ असं कुणी म्हणालं तर झिरो एफआयआर हा शब्द उच्चारा.

जाऊबाईंची मुलगी पुढच्या आठवड्यात मुलाखतीला मुंबईला निघालीय. तिला दुपारच्या गाडीऐवजी पहाटेच्या गाडीचं तिकीट काढून दिलंय, म्हणजे उजेडातच पोचेल. आणि कुणी ‘आपल्याच गावची की’ म्हणालं तर गाव साताऱ्याऐवजी नागपूर सांग म्हटलंय. ती हसली. जाऊबाई नाही हसल्या.