घरी बदललेले स्पार्क प्लग : दहा महिने आणि एका पावसाळ्यानंतर

गेल्या एप्रिलमध्ये आमच्या सँट्रो झिंगचे चारही स्पार्क प्लग मी घरीच, सोसायटीच्या पार्किंगमध्ये बदलले. त्याच संध्याकाळी अनुभव लिहायला बसले होते, पण कंटाळा केला आणि तेच बरं झालं. तेव्हा लिहिलं असतं तर ‘गाडी नव्यासारखी झाली’ म्हणून मोकळी झाले असते आणि जुलैत तोंडावर पडले असते.

गाडी २०१० ची, बाबांची. नाशिकमध्ये आता मीच चालवते. सिग्नलला उभी असताना स्टिअरिंग थरथरायचं, अधूनमधून एखादा झटका बसायचा. मागचे प्लग बदलल्याला बिलानुसार ३८ हजार किलोमीटर झाले होते. साधे निकेलचे प्लग तीस-चाळीस हजार चालले की त्यांनी आपलं काम केलं म्हणायचं, म्हणून फार विचार न करता एनजीकेचे बीकेआर५ईएस-११ आणले. चार मिळून पाचशेच्या आत. हा नंबर पाठ करण्यापेक्षा समजून घेतलेला बरा: बी म्हणजे १४ मिमीचे आटे, के म्हणजे १६ चा पाना, आर म्हणजे आत रेझिस्टर, ५ ही हीट रेंज (प्लग आपली उष्णता किती लवकर बाहेर टाकतो त्याचा आकडा), ई म्हणजे १९ मिमी लांबीचे आटे, आणि शेवटचे ११ म्हणजे १.१ मिमी गॅप, ठिणगी जी फट ओलांडते ती. एनजीकेत हीट रेंजचा आकडा वाढला की प्लग ‘थंड’ होतो, बॉशमध्ये बरोब्बर उलटं. दुकानदार ‘हा पण चालतो ताई’ म्हणाला तर एवढं तरी माहीत असावं. इरिडियमचे घेतले नाहीत. त्यांचं आयुष्य जास्त हे खरं, पण पंधरा वर्षांच्या गाडीत मला ते पैसे टायरसाठी ठेवायचे होते.

बाबांचा या सगळ्यालाच विरोध होता. त्यांची हयात चेतकवर गेली. स्कूटर आडवी करायची, प्लग काढायचा, पॉलिश पेपर मारायचा, फुंकर घालायची, पुन्हा किक. “साफ करून बसव की, नवे कशाला?” मी जुन्या प्लगमध्ये फीलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पट्टी, घातला. गॅप झिजून १.३ च्या आसपास गेली होती. गेज हातात दिला तेव्हा गप्प बसले, पण काढलेले प्लग त्यांनी डब्यात भरून ठेवलेच.

इंजिन रात्रभर थंड होऊ दिलं होतं. प्लग ज्यात बसतात ते इंजिनचं हेड ॲल्युमिनियमचं, गरम असताना प्लग पिळला तर आटेच सोबत यायचे. प्लगला वीज पोचवणारी एक केबल काढायची, तोच प्लग बदलायचा, केबल परत लावायची, मग पुढची. म्हणजे केबलींची अदलाबदल होत नाही. केबल ओढताना वायरला धरायचं नाही, खालच्या रबरी बुटाला धरून थोडं फिरवायचं. प्लगभोवतीची धूळ मी सायकलच्या पंपाने उडवली.

दुसऱ्या प्लगला फजिती झाली. ढिला झालेला प्लग वर घ्यायला एक्स्टेन्शन, म्हणजे पान्याच्या सॉकेटला जोडलेला लांब दांडा, ओढलं, तर ते नुसतंच हातात आलं. सॉकेट खाली प्लगला घट्ट धरून बसलेलं. अर्धा तास गेला त्यात. शेवटी एक्स्टेन्शनच्या टोकाला इन्सुलेशन टेपचे दोन वेढे दिले, ते सॉकेटमध्ये दाबून बसवलं आणि हळूच वर घेतलं. आता सॉकेट आणि एक्स्टेन्शनचा सांधा मी आधीच टेपने बांधते.

नवा प्लग बसवायची युक्ती मात्र बाबांची: पेट्रोलच्या रबरी नळीचा वीतभर तुकडा प्लगच्या वरच्या टोकावर चढवायचा आणि नळी बोटांनी फिरवत प्लग आत सोडायचा. आटे वाकडे लागले तर नळी नुसती गरगर फिरते, प्लग पुढे जात नाही. पान्याला हे कळत नाही, तो वाकडा प्लगही जोर लावून आत घालतो. हाताने पूर्ण बसल्यावर पान्याने अर्धा ते दोन तृतीयांश फेरा. खोक्यावर चित्रच असतं. टॉर्क रेंच, म्हणजे किती जोराने आवळलं ते मोजणारा पाना, घेतला नाही. आट्यांना ग्रीसही लावलं नाही, या प्लगना मुळातच मुलामा असतो आणि ग्रीस लावलं की नकळत जास्त आवळलं जातं.

गाडी सुरू केली आणि थरथर गायब. ॲव्हरेज आधी शहरात तेरा होतं, नंतर तेरा-साडेतेरा. ज्यांना तीन-चार किलोमीटरने वाढतं त्यांचे आधीचे प्लग फारच गेलेले असावेत, किंवा मनाचे खेळ.

जुलैत कल्याणहून परतताना कसारा घाटात गाडी पुन्हा मिसिंग मारायला, म्हणजे मधूनच ठिणगी चुकवायला लागली. मुसळधार पाऊस, दुसऱ्या गिअरमध्ये चढण, आणि एक्सलेटर दाबला की धक्-धक्. सपाटीला आलं की सगळं सुरळीत. मला आधी प्लगच डुप्लिकेट लागले असं वाटलं. दुकानदाराला मनातल्या मनात काय काय बोलून झालं.

घरी केबली मल्टीमीटरवर तपासल्या, चारही ठीक. मग रात्री दिवे बंद करून, बॉनेट उघडून, इंजिन चालू ठेवून फवाऱ्याच्या बाटलीने केबलींवर लांबूनच हलकं पाणी उडवलं. हात मात्र चार हात दूर, तिथे हजारो व्होल्ट खेळत असतात. तिसऱ्या केबलच्या बुटापाशी बारीक निळी ठिणगी सरपटताना दिसली. मल्टीमीटर फक्त वायर तुटली आहे का ते सांगतो. रबर एवढ्या व्होल्टेजला टिकतं का, हे त्याला कळायचं कारणच नाही.

मग बाबांचा डबा उघडला. तिसऱ्या जुन्या प्लगच्या पांढऱ्या चिनीमातीवर वरून खालपर्यंत पेन्सिलीने ओढल्यासारखी काळी रेघ होती. एप्रिलमध्ये बाबांनी ती दाखवली होती आणि मी “मळ आहे हो” म्हणून उडवून लावली होती. उलट षटकोनाच्या वरची तपकिरी कडी पाहून मी घाबरले होते आणि तासभर माहिती शोधत बसले होते. ती कडी निरुपद्रवी, उच्च व्होल्टेजमुळे तेलाचे कण चिकटून होते. खरा आजार ती उभी रेघ. करंट गॅप ओलांडण्याऐवजी बाहेरून, बूट आणि चिनीमाती यांच्या फटीतून प्लगच्या धातूच्या बॉडीला जात होता. नव्या प्लगची गॅप कमी, त्यामुळे कमी व्होल्टेजवर ठिणगी पडत होती आणि कोरड्या हवेत ते खपून गेलं. घाटात लोड आला की सिलिंडरमधला दाब वाढतो, ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं, त्यात ओल; मग करंटने सोपी वाट धरली.

केबलींचा पूर्ण सेट बदलला, बुटांत आतून थोडं सिलिकॉन ग्रीस लावलं. नवा तिसरा प्लग काढून पाहिला तर तीन महिन्यांत त्याच्यावरही पुसट रेघ उमटलेली, म्हणून तोही बदलला. केबली एप्रिलमध्येच घेतल्या असत्या तर एक प्लग आणि घाटातला तो तास वाचला असता.

त्यानंतर उरलेला पावसाळा आणि नाशिकची थंडी गेली, सात हजार किलोमीटर झाले, एकदाही मिसिंग नाही. मागच्या रविवारी चारही काढून बघितले: टोकं फिकट तपकिरी, चिनीमाती स्वच्छ. बाबा शेजारी भिंग घेऊन उभे होते. चारही प्लग त्यांनी एकेक फिरवून पाहिले आणि मगच बसवू दिले.