शाळेत मूल जखमी झालं: अनुदान, दावा की रिट?

मधल्या सुट्टीत छताचा पोपडा डोक्यात पडला, गंजलेल्या घसरगुंडीने हात चिरला. शाळा जिल्हा परिषदेची किंवा महापालिकेची असेल, तर महाराष्ट्रात पैशासाठी तीन वाटा आहेत.

राजीव गांधी विद्यार्थी अपघात योजनेचं सानुग्रह अनुदान सगळ्यात सोपं, कारण चूक कोणाची हे सिद्ध करावं लागत नाही. पहिली ते बारावीसाठी 2022पासूनचे दर: मृत्यू 1,50,000, दोन अवयव किंवा दोन्ही डोळे गेल्यास 1,00,000, एक गेल्यास 75,000, शस्त्रक्रियेचा प्रत्यक्ष खर्च 1,00,000 पर्यंत. प्रस्ताव मुख्याध्यापकांमार्फत जातो आणि बहुधा तिथेच अडकतो. आवक क्रमांक घ्या, मूळ बिलांच्या झेरॉक्स ठेवा.

दिवाणी दाव्यात रकमेला अशी मर्यादा नाही, पण निष्काळजीपणा दाखवावा लागतो आणि वर्षं जातात. मूल अज्ञान (अठराच्या आतलं) असल्याने पालक अ.पा.क. म्हणून, म्हणजे मुलाच्या वतीने, दावा लावतात. सरकारला प्रतिवादी केलं तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 80 ची दोन महिन्यांची नोटीस आधी द्यावी लागते. महापालिका कायद्यात नोटीस एक महिन्याची, पण दाव्याची मुदत जेमतेम सहा महिने. ‘मूल अठराचं होईपर्यंत वेळ आहे’ या भरवशावर इथे राहू नका. वकिलाची फी जड वाटत असेल, तर तालुका विधी सेवा समितीकडे जा. 1987 च्या कायद्याने मुलांना मोफत मदत मिळते, पालकांचं उत्पन्न कितीही असो.

उच्च न्यायालयातली रिट, म्हणजे थेट तिथे केलेली याचिका, अपघात कसा झाला यावर वाद नसेल तेव्हाच. 1995 मध्ये सहलीला गेलेली 14 मुलं बियास नदीत बुडाली. 2001 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येकी 5 लाखांची भरपाई कायम केली. ‘तो पळताना स्वतःच पडला’ असा वाद असेल, तर रिट टिकणं कठीण.

गंभीर इजेत अनुदान आणि दावा दोन्ही धरावं. अनुदान घेतल्याने दाव्याचा हक्क जात नाही. मात्र ‘पूर्ण व अंतिम’ लिहिलेल्या कागदावर सही नको.

तिन्ही वाटांवर घात करते ती केसपेपरवरची एक ओळ. शिक्षक मुलाला दवाखान्यात नेतात, घाईत ‘खेळताना पडला’ एवढंच लिहिलं जातं. त्याच दिवशी डॉक्टरांकडून ‘शाळेच्या वर्गात, छताचा तुकडा पडून’ असं नमूद करून घ्या. आणि तुकडा उचलला जाण्याआधी फोटो.