‘पामच आहे, फक्त नाव नाही’

गेल्या महिन्यात भाच्याने ऑनलाइन मागवलेला 2 टीबीचा पेनड्राइव्ह कौतुकाने दाखवायला आणला. किंमत 700 रुपये. खोक्यावरचा आकडा वाचला आणि माझ्या पोटात गोळा आला. 2001 साली मीही असाच एका आकड्याला भुललो होतो. तो सगळा प्रकार त्या दिवशी त्याला सांगितला, तोच इथे लिहितो आहे.

तेव्हा मी एका औषध कंपनीत एमआर होतो. सातारा, कऱ्हाड, सांगली हा पट्टा माझ्याकडे. दोनशेच्या वर डॉक्टर, प्रत्येकाची ओपीडीची वेळ, कोणाला कुठलं सॅम्पल दिलं, मागच्या भेटीत काय बोलणं झालं, शिवाय केमिस्ट आणि स्टॉकिस्ट. हे सगळं दोन जाड वह्यांत असायचं. मुंबईच्या मीटिंगला गेलं की वरिष्ठांच्या हातात पाम दिसायचा, म्हणजे पाम कंपनीचा तळहाताएवढा छोटा कॉम्प्युटर. काडीने स्क्रीनवर टिचकी मारली की डॉक्टरांचं नाव समोर. मलाही तसंच काहीतरी हवं होतं, आणि त्यासाठी मी वर्षभर पैसे बाजूला टाकत होतो.

दक्षिण मुंबईत इंपोर्टेड वस्तूंच्या एका गाळ्यात गेलो. काचेच्या कपाटात कॉम्पॅक कंपनीचा तसाच हातात मावणारा, रंगीत स्क्रीनचा आयपॅक होता, 28,000 रुपये. तो माझ्यासाठी नव्हताच. काउंटरवर कॅसिओची बटणांची डिजिटल डायरी ठेवली होती, 1,800 ला. शेजारी पाम एम100, 8,500 ला. माझी नजर पामवरून हलेना, हे दुकानदाराने ओळखलं. त्याने खालच्या खणातून तिसरी वस्तू काढली. तोच आकार, तशीच काडी, खाली लिहायची तशीच चौकट. “साहेब, पामच आहे हा, फक्त नाव नाही. नावाचे चार हजार कशाला घालता?” किंमत 4,700. मेमरी पामइतकीच, असं म्हणून त्याने खोक्यावरचा 2 चा आकडा बोटाने दाखवला. कॉम्प्युटरला जोडायचं भोक दाखवलं. केबल वेगळी मिळते म्हणाला, सध्या स्टॉकमध्ये नाही.

मी घेतला. पावती मागितली तर दुकानाच्या कार्डामागे रक्कम लिहून सही केली.

पुढचा महिनाभर रोज रात्री जेवणं झाली की बायको वहीतून वाचायची आणि मी काडीने एकेक अक्षर टिपायचो. खालच्या चौकटीत लिहिलं तर काही उमटायचंच नाही, स्क्रीनवरच्या कीबोर्डवरच टिचकावं लागायचं. मला वाटलं, माझा हात बसला नसेल. पामवर ग्राफिटी नावाची लिपी चालायची, त्यात ‘ए’ म्हणजे आडवी रेघ नसलेला उलटा ‘व्ही’. मी तो शेकडो वेळा काढून पाहिला. त्या चौकटीखाली काही नव्हतंच, ती नुसती छापलेली होती.

पाचव्या महिन्यात मेमरी भरली. पुढच्याच आठवड्यात सेल उतरल्याची खूण आली. आत दोन बटन सेल होते, एक मुख्य आणि एक बॅकअपचा. पत्रकात लिहिल्याप्रमाणे बॅकअपला हात न लावता मुख्य सेल बदलला. चालू केलं तर घड्याळ शून्यावर आणि यादी कोरी. बॅकअपचा सेल मुळातच मेलेला होता. कऱ्हाडच्या एसटी स्टँडवर बाकावर बसून मी ते यंत्र कितीतरी वेळ चालू-बंद करत होतो.

लॅमिंग्टन रोडवर एका दुरुस्तीवाल्याने ते माझ्यासमोर उघडलं. आतला बोर्ड साध्या डिजिटल डायरीचा होता, वर नुसता टच स्क्रीन. कॉम्प्युटरला जोडायच्या भोकामागे एकही तार नव्हती, प्लास्टिकला पाडलेलं नुसतं भोक. मग त्याने खोकं हातात घेऊन मेमरीचा घोळ समजावला. 2 च्या पुढे ‘एमबी’ होतं खरं, पण त्यातला इंग्रजी ‘बी’ लहान लिपीतला होता. मोठा ‘बी’ म्हणजे बाइट, लहान म्हणजे बिट, आणि आठ बिटांचा एक बाइट. म्हणजे माझी मेमरी 256 केबी, पामची 2 एमबी. बरोबर आठवा हिस्सा. ही वस्तू फोर्टच्या फुटपाथवर 1,200 ला मिळते, हेही त्यानेच सांगितलं.

खरी गोष्ट मात्र मला त्यानंतर कळली. सेल पूर्ण उतरले की पामसुद्धा रिकामा व्हायचा, कारण त्याचीही माहिती रॅममध्येच, म्हणजे वीज असेपर्यंतच टिकणाऱ्या मेमरीत असायची. पण पाम कॉम्प्युटरला जोडून हॉटसिंक केलं की सगळ्याची प्रत तिकडे जायची, आणि रिकामा झालेला पाम पुन्हा तसाच्या तसा भरता यायचा. त्यावर नवीन प्रोग्रॅमही टाकता यायचे. दुकानदार म्हणाला तसे ते चार हजार नावाचे नव्हते, माझ्या बायकोने महिनाभर रात्री जागून वाचलेली यादी जपण्याचे होते. डिजिटल डायरीला 1,800 द्यावेत हेही योग्यच, ती पाम असल्याचं सांगत नव्हती. तिसऱ्या वस्तूची किंमत फक्त दिसण्यावर ठरवलेली होती.

दुकानात परत गेलो. “वापरलेला माल परत घेत नाही.” ग्राहक मंचाकडे जायचं म्हटलं तर पक्कं बिल नव्हतं, त्या कार्डावर वस्तूचं नावही नव्हतं. वह्या टाकून दिल्या नव्हत्या एवढं नशीब, पण पाच महिन्यांच्या भेटींची टिपणं कायमची गेली.

भाच्याचा पेनड्राइव्ह मी कॉम्प्युटरला लावला. कॉम्प्युटर 2 टीबीच दाखवत होता, कारण तसं सांगणारी चिप आत बसवलेली असते. म्हणून एच-टू-टेस्ट-डब्ल्यू हा फुकट मिळणारा प्रोग्रॅम चालवला. तो ड्राइव्हवर माहिती लिहीत जातो आणि मग लिहिलेलं परत वाचून पाहतो. पहिले 32 जीबी नीट वाचता आले, त्यापुढचं सगळं खराब. भाच्याकडे ऑर्डरचं बिल होतं आणि परत करायच्या मुदतीतले चार दिवस उरले होते. चाचणीचा फोटो जोडून तक्रार त्याने माझ्यासमोरच पाठवली.