डोम टेंट, स्विस टेंट की गावातली खोली? पवनेकाठच्या महोत्सवाला व्हीलचेअरवरून जाताना

पुण्याहून पवना धरणाच्या काठी दोन-तीन दिवसांच्या, तंबूत मुक्काम असलेल्या महोत्सवाला जायचं ठरलं की आधी तिकीट बघितलं जातं, मग स्टेज किती लांब ते. व्हीलचेअर वापरणाऱ्यानं हा क्रम उलटा करावा. रात्री दोन वाजता, अंधारात, झोपायच्या जागेवरून संडासापर्यंत कसं जाणार, हे आधी ठरवा. तीन पर्यायांतला कुठला घ्यायचा ते तिथेच ठरतं.

डोम टेंट सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात अवघड. आत वाकून शिरावं लागतं, म्हणजे खुर्ची बाहेरच राहते. खुर्चीची बैठक जमिनीपासून साधारण 50 सेंटिमीटरवर, आतली गादी जेमतेम 10. खाली उतरणं एक वेळ जमतं. सकाळी तेवढंच वर चढायला बहुतेकांना मदतीचे हात लागतात. डिसेंबरात बाहेर ठेवलेल्या खुर्चीवर दव पडतं, चाकाच्या कड्या ओल्या होतात आणि पकड निसटते. संडास सामाईक असतो. तयार केबिन असेल तर दाराशी पायरी आणि आत मीटरभर जागा, त्यात खुर्ची जात नाही. काठी किंवा कुबडीवर चालणाऱ्याला, सोबत कोणी असेल तर, डोम चालेल. फक्त टेंट रांगेच्या टोकाचा मागा आणि ताणदोऱ्यांना पांढऱ्या कापडाच्या पट्ट्या बांधून घ्या. अंधारात काठी आणि कुबडी अडकते ती याच दोऱ्यांत. दृष्टिहीनांनाही हेच लागू.

स्विस टेंटमध्ये उभं राहण्याइतकी उंची, खाट आणि बहुधा मागे जोडलेलं बाथरूम मिळतं. स्वतःच्या हातांच्या जोरावर खुर्चीतून खाटेवर सरकणाऱ्यांनी पैसे इथे घालावेत. पण ‘व्हीलचेअर आत जाते’ या उत्तरावर बुकिंग करू नका. आत जाणं वेगळं, आत वळणं वेगळं: पूर्ण वळायला दीड मीटर व्यासाची मोकळी जागा लागते. टेप धरून काढलेले फोटो मागवा. दाराची मोकळी रुंदी, खाटेची उंची (45 ते 50 सेंटिमीटर उत्तम), कमोडच्या एका बाजूला खुर्ची लावता येते का, आणि बाथरूमच्या ओट्याची पायरी, एवढं तरी त्यात दिसायला हवं. पायरी 15 सेंटिमीटर असेल तर 1:12 उताराच्या (एक सेंटिमीटर चढायला बारा सेंटिमीटर लांबी) रॅम्पला 1.8 मीटर लांबी लागते. टेंटमध्ये तेवढी जागा नसतेच. 90 सेंटिमीटरचा रॅम्प टाकला तर उतार 1:6 होतो. तो एकट्यानं चढू नका, मागून धरणारा हवाच. यापेक्षा चाकाची कमोड चेअर सोबत नेणं सोपं. बाथरूम अडचणीचं निघालं तरी रात्र निभावते.

इलेक्ट्रिक खुर्ची असेल तर जनरेटर रात्री बंद करतात का ते विचारा. बॅटरी पूर्ण भरायला सहा ते आठ तास लागू शकतात आणि तो वेळ रात्रीच मिळतो. खुर्चीत बसायला हवेची उशी वापरणाऱ्यांनी पहाटे बसण्याआधी हात घालून हवा तपासावी. गारठ्यानं दाब उतरतो, बूड टेकतं आणि बेडसोरचा, म्हणजे सतत दाब पडून होणाऱ्या जखमेचा, धोका वाढतो.

तिसरा पर्याय कामशेत किंवा लोणावळ्यात खोली घेऊन रोज ये-जा करण्याचा. मणक्याची वरची दुखापत असेल, शरीराला थंडी-ऊन सांभाळता येत नसेल किंवा बेडसोर होऊन गेला असेल, तर आमचा सल्ला खोलीचाच. मात्र खोली म्हटली की सोय आलीच, असं नाही. जुन्या लॉजमध्ये बाथरूमचं दार दोन फुटांचं, म्हणजे 61 सेंटिमीटर, निघू शकतं आणि घडीची खुर्ची साधारण 65 रुंद असते. शिवाय उंबरा. तेव्हा इथेही टेपचा फोटो मागा. पुणे-लोणावळा लोकल कामशेतला थांबते, पुढे मात्र गाडी करावी लागते. परतीची गाडी आधीच ठरवून ठेवा. गोंगाट सहन न होणाऱ्या स्वमग्न मुलांसाठीही खोलीच बरी. लाउडस्पीकरची मर्यादा रात्री 10 ची असली तरी वर्षातले ठरावीक दिवस 12 पर्यंत परवानगी मिळू शकते आणि टेंटचं कापड आवाज अडवत नाही.

मैदानाची जमीन तिन्ही पर्यायांत तीच. सुट्या मुरमात खुर्चीची पुढची छोटी चाकं रुततात. अशा वेळी ढकलू नका. खुर्ची मागे कलवून मोठ्या चाकांवर उलटी ओढा. हिरवा गालिचा अंथरला म्हणजे वाट झाली असं आयोजकांना वाटतं, पण त्याखाली चाक तसंच रुततं. 19 मिलिमीटरचे प्लाय सलग टाकून, सांधे पट्टीनं जोडून घ्यायला सांगा. प्रेक्षकांसाठी 60 सेंटिमीटर उंच मंच करणार असतील तर रॅम्प 7.2 मीटरचा हवा. हे मागणं उपकार मागणं नव्हे: 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात वाजवी सोय नाकारणं हा भेदभाव धरला आहे. मागणी लेखी करा आणि उत्तरही लेखीच घ्या.

बुकिंगच्या आधी एक काम घरीच करा. रात्री, दिवसभराच्या दमणुकीनंतर, जमिनीवरच्या गादीवर उतरा आणि परत खुर्चीत चढून पाहा. नाही जमलं तर डोम यादीतून बाद.