चांदीच्या गळ्याचा कट ग्लास जग, वर्षभर वापरून

गणपतीच्या दुसऱ्या दिवशी जग धुवायला घेतला आणि चांदीचा गळा माझ्या हातात, काच सिंकमध्ये! फुटली नाही, कारण सिंकमध्ये कढईवर टेबलक्लॉथ भिजत पडला होता, पण आवाज असा झाला की नवरा वरच्या मजल्यावरून धावत आला. तेव्हापासून लिहीन लिहीन म्हणतेय, आता जग दुरुस्त होऊन घरी आलाय तर लिहूनच टाकते.

याला क्लॅरेट जग म्हणतात, म्हणजे लाल वाईन ओतायचा काचेचा जग. आम्ही बर्मिंगहॅमला राहतो, गेल्या नोव्हेंबरात इथल्याच एका लिलावात घेतला. हॅमर प्राईस, म्हणजे बोली थांबली तो भाव, 220 पौंड, त्यावर लिलाववाल्यांचं 25 टक्के प्रीमियम, वर प्रीमियमवर व्हॅट, झाले 286. हात वर करताना हे गणित कुणाच्या डोक्यात असतं? सासऱ्यांना फोनवर सांगितलं तर त्यांचा पहिला प्रश्न, "चांदी किती तोळे?" आता काय सांगणार, चांदी काचेला आतून प्लास्टर ऑफ पॅरिसने बसवलेली असते, वेगळी काढून वजन करताच येत नाही. "मग तू काचच घेतलीस की," म्हणाले आणि फोन सासूबाईंकडे दिला.

पण चांदी अस्सल आहे हे मी घ्यायच्या आधी पाहिलं होतं. झाकणाच्या आत आणि गळ्याच्या कडेला छाप आहेत, फोनचा कॅमेरा मोठा करून बघायचे. चालता सिंह म्हणजे स्टर्लिंग, 92.5 टक्के. जहाजाचा नांगर म्हणजे बर्मिंगहॅम. समुद्र कुठे लांब आणि शहराची खूण नांगर, पण 1773 साली इथे चांदी तपासायचं ऑफिस सुरू झालं तेव्हापासून हीच आहे, त्याच साली शेफील्डलाही झालं, त्यांना मुकुट मिळाला. राजाराणीचं डोकं छापलेलं नाही, म्हणजे 1890 नंतरचा, कारण तोपर्यंत चांदीवर कर होता आणि कर भरल्याची ती खूण असायची. सालाच्या अक्षरावरून 1902 निघतं. ईपीएनएस लिहिलेलं असेल तर तो नुसता मुलामा, तिथून सरळ पुढे जा.

काचेबद्दल तक्रार शून्य. रिकामाच जवळपास दीड किलो भरतो, आणि कापांच्या कडा अजून बोटाला टोचतात, साच्यातल्या काचेला असं होत नाही, तिथे कडा गुळगुळीत लागतात. संध्याकाळी चारच्या उन्हात ठेवला की भिंतीवर ठिपकेच ठिपके. पाणी इथलं वेल्समधल्या एलन व्हॅलीतून येतं, मऊ आहे, त्यामुळे काचेवर पांढरं बसत नाही, लंडनला नणंदेकडे मात्र किटलीत खडूचा थर असतो, तिने घेतला तर रोज पुसावा लागेल.

आता खरं दुखणं. थेंब!

पहिल्या दिवसापासून, ओतून झालं आणि जग सरळ केला की एक थेंब खाली ओघळायचा. एकच. पण आम्ही त्यात वाईन कमी आणि कोकम सरबत जास्त ओततो, आणि कोकमचा डाग पांढऱ्या टेबलक्लॉथवर कसा बसतो ते सांगायला नको. डिसेंबरपासून माझी त्या थेंबाशी लढाई सुरू होती. हळू ओतून पाहिलं, झटका देऊन पाहिलं, चोचीखाली जरा तूप लावून पाहिलं (युट्यूबवर कुणीतरी लोणी सांगितलं होतं), शेवटी गळ्याला नॅपकिन बांधायला लागले, म्हणजे जगाला मफलर. मैत्रिणींना मी हेच सांगायचे, दिसायला राजा आहे पण इंग्रजांना चोच करता येत नाही. पाचपैकी दोन स्टार द्यायचे ठरलेच होते.

मार्चमध्ये आई आली तीन महिन्यांसाठी. चांदी काळवंडलेली बघून तिने देवघरातली रांगोळी घेतली आणि घासायला बसली, मी ओरडेपर्यंत सिंह अर्धा पुसट झाला होता! तिचं चूक नाही, घरच्या निरांजनाला तीच पद्धत. पण हॉलमार्क गेला की किंमत गेली. मऊ कापड, जरासं सिल्व्हर पॉलिश, आणि वापरून झालं की लगेच कोरडं, एवढंच करा. कांदा, अंडं आणि रबरबँड चांदीजवळ ठेवू नका, गंधकाने काळी पडते. सोलकढी एकदाच केली, तीही परत नाही, मिठाने चांदीला बारीक खड्डे पडतात, म्हणून तर इंग्रजांच्या चांदीच्या मीठदाण्यांत आत काचेची वाटी असते.

आणि एक गोष्ट मी आधी उलट सांगत होते, ती इथे सुधारते. सरबत आदल्या रात्री करून जगातच फ्रिजमध्ये ठेवा, छान गार होतं, असं मीच दोघींना सांगितलं होतं. नका ठेवू. ही शिशाची काच आहे, लंडनच्या रेव्हन्सक्रॉफ्टने 1674 साली पेटंट घेतलं तेव्हापासून इंग्रजी क्रिस्टलची चमक याच शिशातून आलीय, आणि आंबट पेय रात्रभर राहिलं की हे विषारी शिसं त्यात थोडं थोडं उतरतं. कोकम तर आंबटच. जेवायला बसताना भरायचा, उठताना रिकामा करायचा. मुलांना त्यातलं आम्ही देत नाही.

तर सप्टेंबर. गळा निघाला तो माझ्यामुळेच, दर वेळी गरम पाण्याच्या टबात बुडवून ठेवायचे, प्लास्टर विरत गेलं. पडल्यावर दुःख करायच्या आधी मी काय केलं असेल तर आतली भुकटी खरवडून गळा किचनच्या काट्यावर ठेवला. 93 ग्रॅम. सासऱ्यांना लगेच मेसेज, जवळजवळ आठ तोळे! त्यांचा अंगठा आला.

ज्वेलरी क्वार्टर या इथल्या सोनारांच्या भागातल्या एका कारागिराने 95 पौंड आणि तीन आठवडे सांगितले, लागले सात. तिथे कळलं की आधी कुणीतरी अर्ध्या भागात अरल्डाइट भरलं होतं. आणि मुख्य म्हणजे थेंब चोचीतून येतच नव्हता! काच आणि चांदीच्या मधल्या फटीत आत शिरून खालून ओघळत होता. म्हणजे दहा महिने जग मला सांगत होता गळा सुटतोय म्हणून, आणि मी त्याला मफलर बांधत होते.

आनंदात घरी आणला, टेबलावर ठेवला, तर चोच मुठीच्या बरोब्बर समोर नाही, तीन-चार मिलिमीटर डावीकडे. मेल केला. उत्तर आलं, परत काढून बसवू, 40 पौंड, आणि काढताना काचेला काही झालं तर जबाबदारी तुमची. 95 घेऊन वाकडा गळा, वर 40! तीन मेल झाले, फोटोवर पट्टी ठेवून पाठवली, शेवटी मीच गप्प बसले. नवऱ्याला तर तिरपेपणा दिसतच नाही म्हणे, मला आता त्याच्याशिवाय दुसरं काही दिसत नाही.

स्टार चार. चोचीचा एक कापला.

काल आठ जण जेवायला होते, कोकम दोनदा भरलं. टेबलक्लॉथवर लाल डाग एकच, तो लोणच्याचा.